नारायणपेठीच्या चिंध्या

भावानं पुण्याहून पाठवलेलं कुलूप जेवणाच्या टेबलावर पडलं आहे. आकडे फिरवून उघडायचं, नव्या तऱ्हेचं. खोक्यातून काढते, हातात घेऊन बघते, परत खोक्यात ठेवते. सकाळपासून माझा हाच उद्योग चालला आहे. ते दाराला आतून लावायचं, म्हणजे अण्णांना एकट्यानं बाहेर पडता येणार नाही. भाऊ उद्या, रविवारी दुपारी येतो आहे. तोवर कुलूप लागलेलं नसलं तर तो अण्णांना पुण्याला घेऊन जाणार. तिथं त्याचा फ्लॅट बराच वर आहे, लिफ्टला कार्ड लागतं, आणि खिडकीतून फक्त दुसरी इमारत दिसते. तो वाईट नाही. अण्णा इथं हैदराबादेत सकाळी फिरायला बाहेर पडले आणि संध्याकाळी लांब अंबरपेठेत सापडले, हे ऐकल्यावर कुठल्याही मुलानं असंच काहीतरी केलं असतं.

अण्णा म्हणजे आमचे वडील. आत झोपले आहेत. अंबरपेठेपर्यंत चालून पाय सुजलेत, पण कुरकुर नाही. जन्म सिव्हिल कोर्टात शिरस्तेदारी करण्यात गेला. त्या काळात घरातल्या घड्याळाला किल्ली द्यायला विसरले तर वर्षभर स्वतःला बोल लावत. हल्ली त्यांना विसरायला होतं. आधी नावं गेली, मग वार, मग जेवलो की नाही ते. कधी कधी मी चहा घेऊन गेले की "आपण कोण?" असं अदबीनं विचारतात. अदब मात्र गेलेली नाही.

कुलपाकडे बघत बसण्यापेक्षा हातांना काम द्यावं म्हणून मी त्यांचं कपाट आवरायला काढलं. खालच्या खणात, डांबरगोळ्यांच्या वासात, आईची नारायणपेठी सापडली. म्हणजे जी काय उरली आहे ती. डाळिंबी अंग, बारीक चौकडा, हिरवा काठ. हैदराबादच्या मराठी घरांत अशी एखादी नारायणपेठी असतेच. पैठणी लग्नातली, नारायणपेठी रोजच्या मानाची. आता ती पदर आणि वर हातभर कापड एवढीच राहिली आहे. बाकीची अण्णांनी फाडली. एकेक चिंधी करून, नीट, वितीच्या मापानं.

मी ती नाकाशी नेली. डांबरगोळ्यांखाली दुसरा एक वास होता. खरा होता की माझ्या नाकानं आठवून काढला, कोण जाणे. गंधकाचा. आणि त्या वासाबरोबर मी जामबागेतल्या या खोलीतून उठून सरळ त्या बेटावर जाऊन पोचले.

आई गेल्यानंतरचा तो पहिला हिवाळा. मी तेव्हा तैवानला नोकरीला होते. तैपेई शहराच्या कडेला, डोंगर जिथं येऊन घरांना टेकतात तिथं, भाड्यानं राहायची. अण्णांना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. आले ते माकडटोपी, काळा कोर्टातला कोट आणि उस्मानिया बिस्किटांचे डबे घेऊन. थंडीत पांघरायला म्हणून आईची ही साडी. आमच्याकडे जुनी लुगडी पांघरतातच, आणि काही गोष्टींवर बोलू नये एवढं मला कळत होतं.

हिवाळा म्हणजे तिथं पाऊस. आपल्यासारखा दणकून पडून मोकळा होणारा नव्हे. चाळणीतून पीठ पडावं तसा, दिवसचे दिवस. मी ऑफिसला जायची आणि अण्णा खिडकीत बसायचे. टीव्ही कळत नाही, पेपर वाचता येत नाही, बोलायला कुणी नाही. संध्याकाळी मी आले की खोलीभर त्यांच्या येरझाऱ्यांची ऊब असायची. खिडकीसमोरून पहाटे पहाटे म्हाताऱ्या बायका आणि पुरुष छत्र्या घेऊन डोंगराकडे जात आणि तास-दोन तासांनी लाल गालांनी परत येत. "हे लोक रोज कुठं जातात?" असं ते मला रोज विचारत, आणि मी रोज सांगत असे की चढायला जातात. चढून काय करतात, हे मी कधी जाऊन पाहिलं नव्हतं. एके दिवशी संध्याकाळी मी आले तर दारात चिखलानं भरलेले त्यांचे कोर्टाचे बूट, आणि अण्णा स्टोव्हपाशी उभे राहून मोजे वाळवत होते. वर जाऊन आलो, म्हणाले. वर चहा देतात.

तिथून जे सुरू झालं त्याला वेड म्हणतात. घरामागचा पहिला डोंगर हत्तीच्या नावाचा होता, दगडी पायऱ्यांचा, आणि माथ्यावरून शहरातली ती बांबूच्या पेरांसारखी उंच इमारत ढगात डोकं खुपसून उभी दिसायची. अण्णा त्या इमारतीकडे पाठ करून बसत. त्यांना माणसं बघायची असत. माथ्यावर पत्र्याच्या छपराखाली म्हातारी मंडळी थर्मास उघडून बसलेली. कुणी कसरत करतंय, कुणी पेरूच्या फोडींवर आंबटखारट भुकटी टाकून वाटतंय, कुणाच्या पिशवीला बांधलेला रेडिओ जुनी रडवी गाणी म्हणतोय. अण्णा आपला डबा उघडून बिस्किटं पुढं करत. दोन आठवड्यांत त्या डोंगरावर त्यांना सगळे बिस्किटवाले म्हणून ओळखायला लागले, त्यांच्या भाषेत.

त्यात लिनबाई होत्या. लिन आडनाव, बाई अण्णांनी लावलं. सत्तरीच्या, ठेंगण्या, पायांत गुडघ्यापर्यंत रबरी गमबूट. तिथले जाणते चढणारे भारी बूट घालत नाहीत, गमबूट घालतात. चिखलात पाय रुततो पण भिजत नाही. लिनबाईंनीच अण्णांना बाजारात नेऊन तसले गमबूट घेऊन दिले. या दोघांना एकमेकांच्या भाषेचा एक शब्द येत नव्हता. पण आमच्या घरची रीत अशी, की उंबऱ्याच्या आत मराठी आणि उंबऱ्याबाहेर दखनी. परक्या माणसाशी बोलायचं ते दखनीतच, मग तो भाजीवाला असो की जज्जसाहेब. त्याच हिशेबानं अण्णा लिनबाईंशी दखनीत बोलत. "आज बहोत धुंद है, आहिस्ता चलना." त्या त्यांच्या भाषेत काहीतरी लांबलचक उत्तर देत, आणि अण्णा "हौ, हौ" म्हणत. मी मधे दुभाषी व्हायला गेले तर दोघांनाही ते नको असायचं.

सुट्टीच्या दिवशी आम्ही लांब जात असू. लाकडी डब्यांची लाल गाडी वळणं घेत घेत ढगांच्या वर चढायची, आणि वरच्या जंगलात एवढाले जुने वृक्ष होते की अण्णांनी एकाच्या बुंध्याला टोपी काढून नमस्कार केला. पहाटे कुडकुडत उभं राहायचं, खाली ढगांचा समुद्र, आणि मग त्यातून वर येणारा सूर्य. पूर्वेला एका दरीत संगमरवराचे कडे होते, उभे, आणि तळाशी हिरवी नदी. अण्णा खूप वेळ दगडाला हात लावून उभे होते. आपल्या हैदराबादचे दगड गोल, असे एकावर एक ठेवलेले, आणि हे बघ कसे चिरल्यासारखे, असं ते बसमध्ये बसल्यावरही सांगत राहिले. कुठं चहाचे उतार, कुठं पांढऱ्या लिलींची शेतं, कुठं नेच्यांच्या पानांत साठलेलं पाणी. मला यातलं खरं काय आणि किती दिवस पाहिलं ते आता सांगता येणार नाही. वास सांगता येतील. ओल्या रेनकोटचा, कापराच्या लाकडाचा, उकळत्या चहाचा, आणि सगळ्यांत वर गंधकाचा.

गंधकाचा वास सात ताऱ्यांच्या डोंगरावरचा. त्याचं नावच तसं आहे. कुशीतून वाफा निघतात, दगड पिवळे पडलेले, आणि वरच्या उतारांवर माणसाच्या उंचीचं रुपेरी गवत. वारा आला की सगळा डोंगर कूस बदलतोय असं वाटे. चढताना समोरून येणारा प्रत्येक माणूस "जिया-यो" म्हणायचा. शब्दशः तेल घाला, पण म्हणायचं असतं की जोर लावा, अजून थोडंच आहे. अण्णांना तो शब्द एवढा आवडला की ते उतरणाऱ्यांनाही तो म्हणत.

मुख्य वाटा तिथं बांधलेल्या असतात, पण डोंगराच्या मागच्या अंगाला जुन्या, अरुंद वाटा आहेत. तिथं पाट्या नाहीत. जिथं वाट फुटते तिथं झाडाच्या फांदीला कापडाच्या चिंध्या बांधलेल्या असतात. पिवळ्या, लाल, निळ्या. जे जे गट त्या वाटेनं गेले त्यांनी मागच्यांसाठी बांधलेल्या. चिंधी दिसली की ती वाट बरोबर. लिनबाईंच्या गटाच्या पिवळ्या होत्या. त्या खिशात गुंडाळी घेऊनच निघत, आणि जुनी फाटली असेल तर तिथं नवी बांधत. अण्णा मान वर करून ते बघत राहायचे.

एका रविवारी माझा पाय मुरगळला होता, म्हणून मी खाली बसथांब्याच्या शेडमध्ये थांबले आणि अण्णा लिनबाईंच्या गटाबरोबर मागच्या वाटेनं वर गेले. दुपारी धुकं उतरलं. समोरचा रस्ता गेला, मग शेडचा खांबही पुसट झाला, आणि पाऊस लागला. गट खाली आला तेव्हा त्यात अण्णा नव्हते. गवतात कुठंतरी मागं राहिले होते. लिनबाई पिशवी टाकून तशाच परत वर गेल्या. मी शेडच्या बाहेर, पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. शेडमध्ये थांबूनही चाललं असतं, पण थांबवेना. आई जाऊन वर्ष झालं नव्हतं. माझ्या डोक्यात जे काय येत होतं ते लिहिण्यासारखं नाही.

बऱ्याच वेळानं धुक्यातून निळ्या रेनकोटमधली एक अनोळखी बाई उतरत आली. मला बघून थांबली, खिशात हात घातला, आणि माझ्या हातावर एक ओलं झालेलं उस्मानिया बिस्कीट ठेवलं. वर बोट दाखवून हसली आणि निघून गेली. अण्णांनी तिच्या हाती निरोप पाठवला होता. भाषा नाही, कागद नाही. खाली माझी मुलगी असेल, तिला हे द्या, म्हणजे कळेल. मला कळलं. त्या बिस्किटाचा लगदा मुठीत धरून मी भर रस्त्यात रडले.

अर्ध्या तासानं अण्णा आले, मागं लिनबाई. मला बघून अण्णा म्हणाले, "अगं, किती वेळ उभी आहेस? भिजलीस की गं." वाट चुकल्याचा चेहराच नाही. बसमध्ये बसल्यावर त्यांनी सांगितलं, हात पुढं केला तर हात दिसत नव्हता. मग गवताच्या कडेला एक पिवळी चिंधी दिसली. ती धरून उभे राहिले. मग पलीकडची दिसली. एक सोडायची, दुसरी धरायची, असं करत करत वाट सापडली. मग म्हणाले, "ज्यानं बांधली त्याला मी ठाऊक नाही. पण बांधली माझ्यासाठीच."

घरी आल्यावर त्यांनी कात्री मागितली आणि आईच्या नारायणपेठीचा पहिला तुकडा काढला. मी ओरडले. आईची साडी होती ती. तिच्या अंगाचा वास असलेली एवढी एकच गोष्ट त्या बेटावर आमच्याजवळ होती. अण्णा चिडले नाहीत. म्हणाले, "कपाटात घडी करून ठेवली तर कुणाला दिसणार ती? इथं वाट तरी दाखवील." पुढच्या रविवारी सात ताऱ्यांच्या मागच्या वाटेवर, पिवळ्या चिंधीशेजारी, त्यांनी डाळिंबी चिंधी बांधली. लिनबाईंनी ती हातात घेऊन पाहिली, काठावरून बोट फिरवलं, आणि काही न विचारता वर एक घट्ट गाठ मारली. नंतर मी चिडायचं सोडलं. कुठल्या कुठल्या डोंगरावर आई फडफडत होती, याचं मला हळूहळू बरं वाटायला लागलं.

तो हिवाळा संपला. अण्णा परत आले, काही वर्षांनी मीही आले. मधलं सांगण्यात अर्थ नाही. असतं ते सगळ्यांचं असतंच.

इथं आल्यावर दोघांचेही पाय वळवळत. जामबाग सपाट. कोटीकडे जा, सुलतान बाजारात जा, नुसती गर्दी आणि सपाटी. जुनं घर पाडून झालेल्या या इमारतीचे जिने मी उगाच चढत-उतरत असे, आणि वर गच्चीवर पोचले की पाण्याच्या टाक्या बघून जीव खट्टू व्हायचा. अण्णांनी मात्र डोंगर शोधून काढला. सुलतान बाजारात मेट्रो आली, तिचा उंच जिना. ते रोज सकाळी गमबूट घालून, खांद्याला थर्मास आणि बिस्किटांचा डबा लावून निघायचे, कापडाच्या दुकानांच्या बंद शटरांपुढून जायचे, आणि सरकता जिना सोडून पायऱ्यांनी चढायचे. वर कठड्याशी उभं राहून चहा. खाली गल्ल्या, तारा, कबुतरं, मशिदीचा मिनार, कुणाच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी. धावत चढणाऱ्या कॉलेजच्या पोरांना ते "जिया-यो" म्हणत. पोरांना ती दुवा वाटायची. परीक्षेच्या दिवसांत काही पोरं मुद्दाम त्यांच्या बाजूनं चढायला लागली, आणि अण्णांनी कुणालाच निराश केलं नाही.

मग विसरणं सुरू झालं. पहिल्यांदा वाट चुकले तेव्हा एका ओळखीच्या शिंप्यानं घरी आणून सोडलं. मी घाबरले, एकटे जाऊ नका म्हटलं. अण्णा म्हणाले, "परेशान होऊ नको. रस्त्याचा इंतजाम केलाय." दुसऱ्या दिवशी मी मागून गेले तर इंतजाम दिसला. कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला डाळिंबी चिंधी. पुढं पुस्तकांच्या दुकानाच्या गजाला एक. आणि जिथं रस्ता फुटतो, डावीकडचा मोठ्या रस्त्याला मिळतो आणि उजवीकडची गल्ली आमच्या घराकडे येते, तिथल्या कडुनिंबाच्या खालच्या फांदीला एक. मी रस्त्यात उभी राहून हसले, आणि मग हसता येईना. त्यांना स्वतःचा भरवसा राहिलेला नव्हता, आणि त्यांनी तो कुणालाही न सांगता चिंध्यांवर टाकला होता.

बरेच महिने हे चाललं. फाटली की नवी बांधायची. कडुनिंबापाशी ते जरा टेकत, चिंधीला हात लावून, डोळे मिटून श्वास घेत, आणि मग उजवीकडे वळत.

आमच्या शहरात झाडाला चिंधी बांधून, हात लावून, डोळे मिटून उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्याचा एकच अर्थ होतो. तो मी कसा विसरले, हेच मला कळत नाही. चिंधी म्हणजे मन्नत. दर्ग्यातल्या झाडाला असो की देवळातल्या, बोलून बांधायची, आणि मनातलं झालं की येऊन सोडायची. कडुनिंबाखाली फुलं विकणाऱ्या रझियाबी रोज ते बघत होत्या. अंबरपेठेहून अण्णांना रिक्षातून आणलं, त्यांना झोपवलं, आणि मी त्या झाडाखाली जाऊन उभी राहिले तेव्हा ते सगळं झाड चिंध्यांनी भरलं होतं. लाल, हिरव्या, जरीच्या, ओढणीच्या कडा, मुलांच्या बाळोत्याचे तुकडे. बुंध्याला हळदकुंकू, एका फटीत अगरबत्त्या, आणि खाली कुणी फोडलेला नारळ. माझ्या आईची डाळिंबी चिंधी त्यात कुठं होती ते मलाही सापडेना. अण्णांना कुठून सापडणार? ते डावीकडे वळले होते, आणि चालत राहिले होते.

रझियाबींना मी सांगितलं. त्यांनी हातातला गजरा खाली ठेवला. "बडे साब रोज आको हात लगाते थे, अम्मा, मै समझी मन्नत है," त्या म्हणाल्या. "मेरी बच्ची का रिश्ता जमताइच नै था. मै बी एक बांद दी. आठ दिन में जम गया. मै सबको बोल दी." मग पदरानं डोळे पुसून त्यांनी विचारलं, आता काय करू? सोडायला सांगायचं कुणाला आणि कसं? प्रत्येक गाठीत कुणाचं तरी काहीतरी अडकलेलं होतं. कुणाची नोकरी, कुणाचं मूल, कुणाचं घरातलं दुखणं. त्या म्हणाल्या, तुम्ही सांगाल तर मी सगळ्या सोडते, गुनाह माझ्या माथी. मी नको म्हटलं. अण्णांनीही नकोच म्हटलं असतं. मला रझियाबींचा राग यायला हवा होता, तो आलाच नाही. राग आला तो त्या फुटलेल्या रस्त्याचा.

तर ते असं झालं. आणि आता टेबलावर कुलूप आहे. ते लावलं तर अण्णा चुकणार नाहीत. ते दाराशी जातील, गमबूट घालून, थर्मास घेऊन, आणि कडी ओढतील. पुन्हा ओढतील. आणि मग मला अदबीनं विचारतील की जरा दार उघडता का. तैपेईतल्या खोलीतल्या त्या पहिल्या येरझाऱ्या मला अजून ऐकू येतात. त्या येरझाऱ्यांतून तो माणूस डोंगरानं बाहेर काढला होता. संध्याकाळपर्यंत मी घरभर फिरले. मग नारायणपेठीचा उरलेला पदर घडी करून उशाशी ठेवला आणि कुलूप खोक्यात घालून वर चिकटपट्टी लावली.

*

रविवारी सकाळी गमबुटांचा आवाज आला तेव्हा मी तयार होते. आईचा पदर खांद्यावरून पाठीवर सोडला आणि पिनेनं अडकवला. अण्णांनी मला पाहिलं. परकं माणूस जिन्यात भेटावं तशी मान लववली आणि निघाले. मी दहा पावलं मागं.

सुजलेल्या पायांनीही ते नेटानं चालत होते. मेट्रोच्या पायऱ्या थांबत थांबत चढले. वर चहा घेतला. एका मुलीला जिया-यो म्हटलं, ती वळून हसली. सगळं नेहमीसारखं. उतरताना मी अंतर कमी केलं, कारण आता कडुनिंब येणार होता.

झाडापाशी ते थांबले. रझियाबी फुलं ओवायची थांबून उभ्या राहिल्या. अण्णांनी एक चिंधी हातात घेतली, सोडली. दुसरी घेतली. तिसरी उलटून पाहिली. मग हात खाली आला, आणि ते दोन्ही रस्त्यांकडे आळीपाळीनं बघायला लागले. पांढऱ्या भुवयांखाली डोळे कुठंच ठरत नव्हते. डोंगरावरचं धुकं मी खालून पाहिलं होतं. आतून ते कसं असतं ते आत्ता दिसलं. अण्णा, उजवीकडे, असं ओरडावंसं वाटलं. पण हात धरून नेलं असतं तर ते आले असते, आणि पुन्हा कधी निघाले नसते.

मी त्यांच्या बाजूनं पुढं झाले, उजवीकडच्या गल्लीत थोडी आत गेले, आणि पाठमोरी थांबले. ऊन पदरावर पडत होतं. मागं काही हललं नाही. मग गमबूट वाजले. जवळ आले. पदराच्या टोकाला एक बारीकशी ओढ बसली.

"हौ," अण्णा स्वतःशी म्हणाले. "ही आपली."

मी चालायला लागले. पदर त्यांच्या हातात होता. गल्लीच्या मध्यावर ते दमले आणि एका ओट्यावर टेकले. पदर सोडला, डबा उघडला, एक बिस्कीट काढून माझ्या हातावर ठेवलं. "आपण पुढं व्हा," मला म्हणाले. "खाली माझी मुलगी उभी असेल. तिला हे द्या, म्हणजे कळेल. मी येतोच."

मी देते म्हटलं. बिस्कीट मुठीत धरून मी पुढं गेले, वळून न बघता, आणि आमच्या इमारतीच्या दारात जाऊन गल्लीकडे तोंड करून उभी राहिले. दुपारी भाऊ आला की कुलूप परत घेऊन जा म्हणून सांगायचं, रोज अण्णांबरोबर मी जाणार आहे म्हणून सांगायचं, हे सगळं तेव्हाच ठरलं. पण त्या वेळी मी नुसती उभी होते.

अण्णा कोपऱ्यावरून वळले. मला पाहिलं आणि पावलं उचलून यायला लागले. जवळ आल्यावर माझ्या चेहऱ्याकडे, मग केसांकडे बघितलं.

"अगं, किती वेळ उभी आहेस?" ते म्हणाले. "भिजलीस की गं."

गल्लीत लख्ख ऊन पडलं होतं.

"हौ अण्णा," मी म्हटलं. "थोडीशी."